मुक्तांगण विज्ञान शोधिका

मुक्तांगण विज्ञान शोधिका हे पुण्यात खडकीनजीकच्या गणेशखिंड परिसरातील आयुका या खगोलविज्ञान संस्थेचे बालविज्ञान केंद्र आहे. ते ‘पुलस्त्य’ या इमारतीत असून सप्तर्षींतील ताऱ्याच्या या नावात पु. ल. देशपांडे यांचे स्मरण साधले आहे.

अरविंद गुप्ता (पद्मश्री, २०१८) यांनी येथे सुमारे दशकभर टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी घडवली. गुल खरवडलेल्या आगकाड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीने जोडून केलेला चौकोन बोटाने दाबताच कलतो. त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. रेल्वेपुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाला असे हातानेच उमगते. प्रयोगशाळेपासून वंचित, घरीच शिकणाऱ्या मुलांना हे साहित्य विशेष सोयीचे ठरते. गुप्ता यांची पुस्तके व चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत.