वेदनेचे बटण रुग्णाच्याच हाती

पाली (जि. रायगड) : खोपोली-वाकण मार्गावरील पाली आणि सुधागड तालुक्यातील रुग्णांना सांधेबदलासारख्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी साधारणतः अलिबाग, पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते. तेथील काही रुग्णालयांत शुद्धीवर येताच रुग्णाच्या हाती एक बटण दिले जाते. खाटेशेजारच्या वेदनाशामक पंपाचे हे बटण असते. त्याची ओळख शस्त्रक्रियेपूर्वीच करून घेतलेली बरी.

या पद्धतीस रुग्ण-नियंत्रित वेदनाशमन म्हणतात. बटण दाबताच भूलतज्ज्ञाने ठरवून दिलेली अल्प मात्रा, उदाहरणार्थ एक मिलिग्रॅम मॉर्फिन, शिरेतून शरीरात जाते. त्यानंतर पंप पाच ते दहा मिनिटे कुलूपबंद होतो. या काळात बटण कितीही वेळा दाबले तरी औषध मिळत नाही. मात्र वाया गेलेल्या दाबण्याचीही नोंद यंत्र ठेवते, आणि ती पाहून मात्रा अपुरी आहे काय, हे डॉक्टरांना कळते.

अमेरिकेतील भूलतज्ज्ञ फिलिप सेक्झर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस या कल्पनेचे प्रयोग केले. ब्रिटनमध्ये विकसित झालेला 'कार्डिफ पॅलिएटर' हा पंप १९७६ मध्ये बाजारात आला. कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यानुसार, परिचारिकेकडून मागून घेतलेल्या औषधापेक्षा पंपाने वेदना काहीशी अधिक कमी होते व रुग्णांचे समाधान वाढते. औषध मात्र थोडे अधिक लागते आणि अंगाला खाज सुटण्याचे प्रमाणही जास्त असते.

रुग्णांचे अनुभव एकसारखे नाहीत. सिस्टरची वाट पाहावी लागत नाही, याचा दिलासा अनेकांना वाटतो. झोपेत बटण दाबले जात नसल्याने पहाटे वेदनेनेच जाग आली, अशीही तक्रार असते. काहींना मळमळ वा बद्धकोष्ठतेचा त्रास होतो. व्यसन लागेल या भीतीने बटणाला हातच न लावणारेही असतात. शस्त्रक्रियेनंतरच्या एक-दोन दिवसांच्या देखरेखीखालील वापरात हा धोका अल्प असतो. सोसत राहण्याची आपल्याकडील सवय येथे उपयोगाची नाही. दुखण्यामुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, त्यातून फुप्फुसाचा संसर्ग संभवतो. सांधेबदलानंतरचा व्यायामही रखडतो.

खरा धोका निराळाच आहे. गुंगीत गेलेला रुग्ण बटण दाबत नाही, ही या पद्धतीची नैसर्गिक सुरक्षा होय. उशाशी बसलेला मुलगा वा सून मायेपोटी झोपलेल्या रुग्णाचे बटण दाबते, तेव्हा ती सुरक्षाच नाहीशी होते. मॉर्फिनची मात्रा वाढल्यास श्वास मंदावतो आणि प्राणावर बेतू शकते. कण्हणे ऐकवत नसले तरी नातेवाइकांनी बटण दाबू नये, सिस्टरला बोलवावे. रुग्ण हाकेला नीट ओ देत नसेल तर क्षणाचाही विलंब लावू नये. नॅलोक्झोन हा त्यावरील उतारा आहे. झोपेत श्वास अडकण्याचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो भूलतज्ज्ञाला आधीच सांगणे आवश्यक असते. गोंधळलेल्या अवस्थेतील वृद्धांना व लहानग्या मुलांना ही पद्धत मानवत नाही.

मॉर्फिनवर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कडक निर्बंध होते. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटॅनिल आदी औषधांसाठी निरनिराळ्या परवान्यांची कटकट कमी झाली. तरीही पंप, प्रशिक्षित परिचारिका आणि रात्रभर देखरेख ही तिन्ही जेथे आहेत तेथेच ही सोय शोभते. छोट्या रुग्णालयात वेळच्या वेळी दिलेले पॅरासिटामॉल आणि नस बधिर करणारे इंजेक्शन यांनीही बरेच साधते.

तोंडाने अन्न व औषध घेता येऊ लागले की पंप काढून गोळ्या सुरू होतात. या बदलाच्या वेळी वेदना पुन्हा डोके वर काढू शकते. पनवेलहून पालीपर्यंतच्या खडबडीत प्रवासाआधी पुढची गोळी केव्हा घ्यायची आणि रात्री दुखणे वाढल्यास कोणाला फोन करायचा, हे घरी सोडतानाच कागदावर लिहून घ्यावे.