स्थानिक फाइल (आरपीजी)

स्थानिक फाइल : आरपीजी या संगणकभाषेत सबप्रोसिजरच्या (प्रोग्राममधील स्वतंत्र कार्यखंडाच्या) आतच जाहीर केलेली व तिच्या हद्दीबाहेर न दिसणारी फाइल. आयबीएमने १९५९ साली अहवाल छापण्यासाठी निर्माण केलेल्या या भाषेत फाइल ही दीर्घकाळ अखिल प्रोग्रामची सामाईक मालमत्ता होती. १९९० नंतरच्या दशकात सबप्रोसिजर आल्या व चलांना स्थानिकत्व लाभले, परंतु फाइलींना तो हक्क २००८ च्या व्ही६आर१ आवृत्तीतच प्राप्त झाला.

सामाईक फाइलीचा दोष असा की, तिचा वाचनबिंदूही सामाईक असतो. मुंबई-पुणे जुन्या रस्त्यावर, खोपोलीच्या शिळफाट्यापाशी, एखाद्या गुदामाची आवकजावक अशा प्रोग्रामात ठेवली आहे असे कल्पावे. एक सबप्रोसिजर पावत्या 'रीड' आज्ञेने क्रमवार वाचीत असता, तिने मध्येच कॉल केलेल्या दुसरीने त्याच फाइलीतील एखादी मागील पावती 'चेन' आज्ञेने काढून पाहिली, तर परतल्यावर पहिलीचे वाचन त्या मागील पावतीच्या पुढून सुरू होते आणि मोजलेला मालच पुन्हा मोजला जातो. दोन्ही सबप्रोसिजर पृथक् तपासल्या असता निर्दोष ठरतात, म्हणून ही चूक सापडता सापडत नाही.

स्थानिक फाइलीची घोषणा सबप्रोसिजरच्या आरंभी, आता बहुधा 'डीसीएल-एफ' या मुक्त लेखनपद्धतीने, केली जाते. वाचलेली नोंद येथे आपोआप चलांत उतरत नाही. फाइलीतील नोंदीच्या धर्तीवर 'लाइकरेक'ने घडविलेली डेटा स्ट्रक्चर प्रत्येक वाचनाच्या वेळी नमूद करावी लागते. ही सक्ती प्रथम जाचक वाटली तरी हितावहच आहे, कारण कोणती माहिती कोठे उतरली याचा दाखला त्या ओळीतच राहतो.

अशी फाइल स्वाभाविकतः प्रत्येक कॉलच्या वेळी उघडते आणि सबप्रोसिजर सुरळीत परतो वा त्रुटीने खंडित होवो, आपोआप बंद होते. उघडझापीचा हा खर्च लहान नाही. हजारो वेळा कॉल होणाऱ्या सबप्रोसिजरमध्ये म्हणूनच फाइलीच्या घोषणेत 'स्टॅटिक' लिहावे, म्हणजे फाइल उघडी राहते. मात्र मग वाचनबिंदूही मागील कॉलच्या जागीच राहतो, तेव्हा क्रमवार वाचनापूर्वी तो 'सेटएलएल'ने पुनः स्थापित करणे अवश्य आहे. फाइलीवर अथवा ओव्हरराइडमध्ये (फाइलीचे गुणधर्म तात्पुरते बदलणाऱ्या आज्ञेत) 'शेअर' मंजूर असल्यास फाइलीकडे जाणारा उघडलेला मार्गच वाटून घेतला जातो, आणि घोषणा स्थानिक असूनही वाचनबिंदू सामाईकच राहतो.