उलट्या तुकड्याचे कुलूप

नाशिकला द्वारका चौकात केळीच्या गाडीपाशी क्षणभर थांबा. जास्त पिकलेल्या घडाभोवती बारीक चिलटे घिरट्या घालत असतात. शेतकऱ्याच्या आंब्या-काकडीत अळ्या पाडणारी फळमाशी ती ही नव्हे, ही ड्रॉसोफिला.

अंडे तयार होताना या माशीतील गुणसूत्रांची जोडी आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करते. दोन जनुके जितकी दूर, तितकी ती अधिक. या तत्त्वावर 1913 साली अमेरिकेत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या विद्यार्थ्याने जनुकांचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला. पण 1917 मध्ये त्याला असे वाण आढळले, ज्यांत अदलाबदल जवळजवळ दिसतच नव्हती. ती रोखणारा हा घटक कोणता? 1921 साली दोन जातींचे नकाशे ताडून पाहताना एकीत जनुकांचा काही क्रम उलटा दिसला, आणि 1926 साली कोडे सुटले. घटक वगैरे काही नव्हते. गुणसूत्राचा तुकडाच उलटा बसला होता!

समजा, एका गुणसूत्रावर क्रम आहे क-ख-ग-घ-च आणि जोडीदारावर क-घ-ग-ख-च. गुणसूत्रबिंदू या उलट्या तुकड्याबाहेर आहे. तुकड्यात एकदाच अदलाबदल झाली, तर एका गुणसूत्राला दोन गुणसूत्रबिंदू मिळतात आणि दुसऱ्याला एकही नाही. 1936 साली स्टर्टेव्हंट व बीडल यांनी दाखवले, की अशी बिघडलेली गुणसूत्रे अंड्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे अदलाबदल होते. तिची संतती तेवढी दिसत नाही.

मग हे कुलूप पक्के का? नाही. तुकड्यात दोनदा अदलाबदल झाली, तर गुणसूत्र धड राहते आणि मधली जनुके पलीकडे जातात. शिवाय छोटासा भाग नुसता नकलून घेतला जाऊ शकतो. उलट्या तुकड्याच्या आतही असे घडते, हे चॉव्हनिक यांनी 1973 साली दाखवले. एकत्र नांदणारी जनुके तुकडा सांभाळतो, पण थोडी गळती चालूच राहते.

आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात बी. एन. सिंह यांनी ड्रॉसोफिला अननासी या जातीतील उलट्या तुकड्यांचा दीर्घ अभ्यास केला. या जातीत एक नवल आहे: इतर बहुतेक ड्रॉसोफिलांच्या नरांत अदलाबदल होत नाही, हिच्या नरांत थोडी होते.

वर्गात 'उलटा तुकडा अदलाबदल रोखतो' असे एका वाक्यात सांगून पुढे जाऊ नका. दोन रंगांच्या लोकरी घ्या, एकीचा मधला भाग उलटा करा आणि मुलांनाच जोड्या लावू द्या. फास कोठे पडतो, ते त्यांचे त्यांनाच सापडेल.