काचेची भिंत आणि दुधाची पिशवी

दुधाची पिशवी धुऊन ओट्यावर पसरली की तिच्यावरचा छापील मजकूर नखाने खरवडून पाहायची मला सवय लागली आहे. शाई सहसा जागची हलत नाही. पिशवी आतून उलटी करून कोऱ्या बाजूवर बॉलपेनने ओढलं, तर रेघ तुटक उमटते आणि अंगठा फिरवताच पुसून जाते. प्लास्टिक तेच, मग दोन बाजूंत एवढा फरक का? छपाईच्या आधी त्या एका बाजूवरून वीज खेळवलेली असते. फिल्मच्या कारखान्यात याला 'कोरोना ट्रीटमेंट' म्हणतात. हा शब्द तिथे महासाथीच्या कितीतरी आधीपासून रुळलेला आहे.

ही युक्ती कोणाची, हे शोधायला बसलं की एका माणसाचं नाव हाती येत नाही. हाती येतात ते कागद: एक जर्मन शोधनिबंध, इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेची नोंदवही, अमेरिकन पेटंटांची चळत. पेटंट वाचताना एक पथ्य पाळावं लागतं. कोणी कशावर हक्क सांगितला, एवढंच पेटंट सिद्ध करतं. ते काम सर्वांत आधी कोणी केलं, हे त्यावरून ठरत नाही.

सर्वांत जुना कामाचा कागद 1857चा आहे. जर्मन अभियंते वेर्नर सीमेन्स यांनी पोगेन्डॉर्फ यांच्या 'आनालेन' या नियतकालिकात तो लिहिला. विषय तारायंत्राच्या तारांचा: आवरण घातलेली लांब तार विजेची बाटली बनून भार साठवते आणि संदेश रेंगाळतो, हा तेव्हाचा जळता प्रश्न होता. याच निबंधात सीमेन्स एका वेगळ्या उपकरणाचं वर्णन करतात. काचेच्या नळीत दुसरी काचेची नळी. आतल्या नळीला आतून आणि बाहेरच्या नळीला बाहेरून कथलाचं पातळ पान. दोन काचांमधल्या अरुंद फटीतून हवा सोडायची आणि पानांना उच्च दाबाची वीज जोडायची. पलीकडून बाहेर पडते ती ओझोनचा उग्र वास असलेली हवा.

या रचनेतलं मर्म काचेत आहे. धातू हवेला कुठेच शिवत नाही. हवेत ठिणगी पडू लागली की भार काचेवर जमतो आणि तोच त्या ठिणगीला विझवतो, त्यामुळे ती फोफावून जाळ होऊ शकत नाही. विजेची दिशा उलटली की पुन्हा तेच. एका जाड, जाळणाऱ्या ठिणगीऐवजी फटभर असंख्य बारीक, क्षणजीवी धागे पेटतात आणि विझतात. वायू थंडच राहतो, पण त्यातले रेणू फुटतात. केबलमध्ये आवरणावर साठणारा जो भार तारवाल्यांना छळत होता, त्याच भाराला सीमेन्स यांनी इथे कामाला लावलं. दोन्ही गोष्टी एकाच निबंधात का आल्या, याचं उत्तर मला इथे दिसतं.

1860 मध्ये अँड्रूज आणि टेट यांनी वायूतून वीज वाहण्याच्या अशा प्रकाराला, म्हणजे विसर्जनाला (डिस्चार्ज), 'मूक विसर्जन' म्हटलं. 1874 मध्ये द विल्ड आणि थेनार यांनी अॅसिटिलीन वायूवर तोच प्रयोग केल्यावर काचेवर तेलकट आणि घट्ट थर धरल्याची नोंद केली. वायूपासून थेट लेप बनल्याची ही फार जुनी साक्ष. पुढे कितीतरी वर्षं असे थर म्हणजे भांडं खराब करणारी घाण एवढीच त्यांची किंमत होती. 1960 मध्ये गुडमन यांनी अशाच रीतीने मुद्दाम बनवलेल्या पातळ फिल्मचा उपयोग दाखवला, तेव्हा कुठे त्यांचे दिवस पालटले.

मूक विसर्जन होतं, पण ज्यावर ते चालवायचं ते पॉलिथिन अजून जन्मलं नव्हतं. ते 27 मार्च 1933 रोजी चेशायरमधल्या विनिंग्टनला, आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत, इथिलीनवर प्रचंड दाब देताना फॉसेट आणि गिब्सन यांच्या हाती लागलं. नोंदवहीत त्याचं वर्णन मेणासारखा घन पदार्थ असं आहे, आणि छपाईची सगळी अडचण त्या 'मेणा'तच आहे. पॉलिथिन म्हणजे नुसता कार्बन आणि हायड्रोजन. शाईतल्या रेणूंनी पकड घ्यावी असं त्यात काही नसतं. महायुद्धात ते रडारच्या केबलींत गेलं. युद्धानंतर पिशव्या आल्या, आणि पिशवीवर मालकाचं नाव छापायचं म्हटल्यावर सगळे अडले.

त्यानंतरची पेटंटं ओळीने वाचली की धडपड दिसते. 1950च्या एका पेटंटात क्लोरीनचा उपाय आहे. 1953 मध्ये क्रायड्ल यांना मिळालेल्या 2632921 क्रमांकाच्या पेटंटात फिल्मची एक बाजू तापवायची आणि दुसरी थंड ठेवायची अशी रीत आहे. त्याच वर्षी क्रिचेव्हर यांनी थेट ज्योत वापरली. 1955 मध्ये वोलिन्स्की यांनी ओझोन. विजेचा मार्ग घेणारं रॉथॅकर यांचं पेटंट 1957चं आणि ट्रेव्हर यांचं, क्रमांक 3018189, जानेवारी 1962चं. 

डेन्मार्कमध्ये मात्र या शोधाचं श्रेय वेर्नर आयस्बी यांना आणि साल 1951 दिलं जातं. प्लास्टिकवर शाई का धरत नाही, हा एका कारखान्याचा प्रश्न सोडवताना त्यांना ही रीत सापडली, असं त्यांनी स्थापन केलेली व्हेटाफोन कंपनी सांगते. कंपनीने स्वतःचा सांगितलेला इतिहास आणि तारखेचा शिक्का असलेलं पेटंट यांचं वजन मी सारखं धरत नाही. पण ही कथा अविश्वसनीयही वाटत नाही. गरज एकाच वेळी सगळीकडे होती आणि साधन शंभर वर्षांपासून तयार होतं.

आजचं यंत्र पाहिलं की त्याची वंशावळ कळते. फिल्म एका रुळावरून धावते. रुळाला सिलिकॉन रबराचं किंवा सिरॅमिकचं आवरण असतं आणि वर मिलिमीटर-दोन मिलिमीटर अंतरावर धातूची पट्टी. मध्ये काही हजार व्होल्टची, सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज. जांभळा उजेड आणि ओझोनचा वास, तोच. रुळावरचं आवरण म्हणजे सीमेन्स यांची काचेची भिंत. काटेकोर बोलायचं तर हे 'कोरोना' नव्हेच, कारण कोरोना टोकदार धातूभोवती उघड्या हवेत होतो. नाव चुकीचं पडलं आणि त्यामुळे 1857चा कागद बाजूला राहिला, असं माझं मत आहे.

कामगार मात्र नावात अडकत नाहीत. ते डाइन-पेन, म्हणजे ठरावीक पृष्ठताणाच्या द्रवाचं पेन, फिल्मवर ओढतात. कच्च्या पॉलिथिनचा पृष्ठताण 31 डाइनच्या आसपास असतो. पेनची 38ची रेघ थेंबांत न फुटता सलग राहिली की फिल्म छपाईला जाते. रोल फार दिवस गोदामात पडला तर हा आकडा उतरतो, म्हणून जुना रोल पुन्हा तपासतात.

रीत सर्रास चालू झाल्यावरही शाई का धरते यावर वाद चालूच होता. 1966 मध्ये बेल प्रयोगशाळेतले हॅन्सन आणि शोनहॉर्न म्हणाले की निष्क्रिय वायूच्या विसर्जनाने पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, कमकुवत थर भक्कम होतो आणि म्हणून चिकटतं. ओवेन्स यांनी 1975 मध्ये दुसरी बाजू मांडली: ऑक्सिजन बसल्याने तयार होणारे गट हायड्रोजन बंधांनी पकड घेतात. निवाडा करायला पृष्ठभागाचा वरचा काही नॅनोमीटरचा थर वाचणारं साधन हवं होतं. ते क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन बाहेर काढून मोजण्याच्या तंत्राने मिळालं. ब्लाइद, ब्रिग्ज, केंडॉल आणि सहकाऱ्यांचा 1978चा निबंध या तंत्राने विसर्जन दिलेलं पॉलिथिन तपासतो. विशिष्ट गटांनाच धरणारी रसायनं लावून त्यांनी एकेक गट निकामी केला आणि पकड केव्हा सुटते ते पाहिलं. कौल ओवेन्स यांच्या बाजूने गेला. हे काम आयसीआयमध्येच झालं, विनिंग्टनच्या वहीत मेणासारख्या पदार्थाची नोंद झाली त्याला तेव्हा 45 वर्षं झाली होती.