हळू आवाजाचा दरारा

आमच्या शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. १९८०च्या आसपास जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. पडद्यावर निळू फुले आले, की बायकांच्या बाजूनं बोटं मोडल्याचे आवाज यायचे. माझी खाला दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधून खास जत्रेसाठी यायची. ती म्हणायची, "या मुडद्याला घरात जेवायला कोण वाढतं रे?"

पुढं कळलं, की हा मुडदा म्हणजे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला कार्यकर्ता. जन्म १९३०चा. पुण्यातल्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करून हौस सांभाळलेली. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगानं त्यांना नाव दिलं आणि १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'नं पडदा.

तोवर आमच्या डोळ्यांपुढचा खलनायक म्हणजे डोळे गरागरा फिरवणारा, गडगडाटी हसणारा गडी. निळूभाऊंनी हे सारं टाकून दिलं. हात उगारायचा नाही, आवाज चढवायचा नाही. टोपी, धोतर, तिरपी नजर आणि दोन शब्दांमधली जागा. तेवढ्यावर तंबू गार पडायचा. डॉ. जब्बार पटेल यांचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यातला साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील आठवा. डॉ. श्रीराम लागूंच्या मास्तरांना तो किती गोडीनं वागवतो! आणि त्या गोडीचीच भीती वाटते.

भीमा-घोडच्या काठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ऊसतोडीची टोळी आधी कुणाच्या फडात जायची, हे ज्याच्या हातात असतं त्याला ओरडायची गरज नसते. ऊस उभा वाळतो, वजन घटतं आणि शेतकरी आपोआप वाड्यावर जातो. निळूभाऊंनी हा दरारा नेमका टिपला. अशा माणसांना त्यांनी जवळून पाहिलं असणार. त्याशिवाय हे जमत नाही.

पण त्यांना एका चौकटीत बसवू नये. १९७२ साली 'सखाराम बाईंडर' या नाटकातला रांगडा सखाराम त्यांनीच उभा केला आणि १९७९च्या 'सिंहासन'मध्ये सत्तेचा खेळ पाहून आतून कोसळणारा पत्रकार दिगू टिपणीसही त्यांचाच. पडद्याबाहेर डॉ. लागूंसोबत 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीला पैसा उभा करून दिला. तो पूर्णवेळ कार्यकर्त्यांसाठी. आज नकलाकार मात्र वाड्यावरच्या एकाच वाक्यावर त्यांची बोळवण करतात, याचं वाईट वाटतं.

१३ जुलै २००९ रोजी ते गेले. टीव्हीवर लोक त्यांच्या साधेपणाविषयी बोलत होते. खाला ऐकत होती. म्हणाली, "इतका भला माणूस होता, तर जन्मभर आमच्या शिव्या कशाला खाल्ल्या त्यानं?"

तिला मी तेव्हा काही बोललो नाही. आज सांगतो. खाला, ज्या शिव्या आपल्याला खऱ्या चेअरमनला तोंडावर देता येत नव्हत्या, त्या तंबूच्या अंधारात निळूभाऊंना देता येत होत्या. आपल्यासाठी त्यांनी त्या खाल्ल्या.