मनीऑर्डरची पोच : शिपायाच्या घरचा जमाखर्च

महाराष्ट्राच्या लष्करी परंपरेविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. बखरी आणि पोवाडे यांपासून आधुनिक काळातील ऐतिहासिक कादंबरीपर्यंत लढाई हा आपल्या वाङ्मयाचा एक आवडता विषय राहिला. परंतु लढाईवर गेलेल्या सामान्य शिपायाच्या मागे त्याचे घर कशावर चालत होते, चार पैसे कोण व कसे बाजूला टाकत होते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांनी क्वचितच विचारला आहे. त्याचे एक कारण साधनांचे आहे. पलटणीचा पगारपट जपला गेला. घरचा जमाखर्च मात्र बहुधा लिहिलाच गेला नाही. तो ज्या स्त्रियांच्या डोक्यात होता, त्यांपैकी बहुतेकींना लिहिता येत नव्हते. तरीही जे दुवे हाती आहेत त्यांवरून या हिशेबाची बाह्यरेषा काढता येते, आणि ती काढताना आपल्या सामाजिक इतिहासातील एक महत्त्वाची घटना निराळ्या प्रकाशात दिसू लागते.

प्रथम कंपनीपूर्व काळाकडे पाहू. शिवकालीन लष्कर वर्षातील आठ महिने मुलुखगिरीवर असे आणि पावसाळ्यात छावणीस परते, असे सभासदाच्या बखरीवरून दिसते. मिळकतीचा हिशेब सरकारात द्यावा लागे आणि वेतन शक्यतो रोख देण्याकडे कल होता. पेशवाईत हे गणित गुंतागुंतीचे झाले. बारगिराला सरकारी घोडा असे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. त्याला आगाऊ मिळणाऱ्या रकमेस नालबंदी म्हणत, आणि निर्वाहासाठी मिळे तो रोजमुरा. प्रत्यक्षात वेतन थकणे ही नेहमीची बाब होती. ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांत थकलेल्या पगारासाठी धरणे धरून बसणाऱ्या सैनिकांचे उल्लेख येतात. शिलेदाराचा घोडा मेला की घरचे भांडवलच बुडाले. कर्ता पुरुष पडला तर सरकारकडून बालपरवेशी मिळू शके, म्हणजे मुलांच्या पालनपोषणासाठी नेमणूक किंवा जमीन. ती मिळणे धन्याच्या मर्जीवर अवलंबून असे. अशा घरात बचत होत नसेल असे नाही. पण ती दागिना, गुरे किंवा जमिनीचा तुकडा या रूपात होई. महिन्याचे अंदाजपत्रक मांडावे अशी स्थिती नव्हती, कारण उत्पन्नाला तारीखच नव्हती.

कंपनी सरकारच्या पलटणींनी जे नवे दिले ते मुख्यतः हेच : पगाराला तारीख. रक्कम मोठी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या बहुतेक काळात पायदळातील साध्या शिपायाचा पगार दरमहा ७ रुपये होता. तो १८९५ मध्ये ९ आणि १९११ मध्ये ११ रुपये झाला. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या रक्कम जवळजवळ हलली नाही. शिवाय हे सात रुपये पूर्ण हाती पडत नसत. शिधा शिपायाने स्वतःच्या पगारातून, बहुधा पलटणीबरोबरच्या वाण्याकडून, घ्यायचा असे. बाजारभाव ठराविक मर्यादेपलीकडे चढले तर सरकार महागाईचा भत्ता देई, एवढाच आधार. गणवेशाच्या व सामानाच्या काही भागासाठीही कपात होई. मोफत शिधा मिळू लागला तो थेट १९१७ मध्ये. या सर्वांतून जे उरे ते घरी जाई. आपण ज्याला बचत म्हणतो तिचा पहिला अंक असा छावणीतच, शिपायाच्या ताटात घडत असे. त्याने कमी खाल्ले तर घरी अधिक जाई.

घोडदळात जुनी शिलेदारी पद्धत इंग्रजी अमलातही चालू राहिली. पूना हॉर्ससारख्या रिसाल्यांत स्वार घोडा व सामान यांची किंमत स्वतः भरी, आणि घोड्यांच्या नुकसानीसाठी सर्वांच्या पगारातून चंदा कापला जाई. जोखीम वाटून घेण्याची ही एक लहानशी विमायोजनाच होती. पहिल्या महायुद्धातील मोठ्या हानीपुढे ती टिकली नाही, आणि युद्धानंतर शिलेदारी पद्धत बंद झाली.

पैसा घरी पोहोचवणे हा दुसरा प्रश्न. पूर्वी रजेवर जाणारा गाववाला, हुंडी, नाहीतर सरकारी खजिन्याचे हुकूम हे मार्ग होते. १ जानेवारी १८८० पासून मनीऑर्डरचे काम टपालखात्याकडे आले आणि १८८२ मध्ये टपालकचेऱ्यांतून बचत बँका सुरू झाल्या. कोकणातील व देशावरील खेड्यांच्या दृष्टीने ही घटना किती मोठी होती, याची पुरेशी दखल आपण घेतलेली नाही. मनीऑर्डरच्या कागदाला खाली मजकुरासाठी एक चिमुकली जागा असे. तिच्यात दोन-तीन ओळींपेक्षा अधिक मावत नसे. पोस्टमन रोख रक्कम दारात मोजून देई, मजकूर वाचून दाखवी, घेणारीचा अंगठा साक्षीदारासमक्ष पोचपावतीवर उमटवून घेई, आणि ती पावती पाठवणाऱ्याकडे परत जाई. शेकडो मैलांवरच्या बराकीत बसलेल्या माणसाला घर जागेवर आहे हे त्या शाईच्या ठशावरून कळे. पत्रवाङ्मयाचा अभ्यास करताना आपण लिहिलेली पत्रे मोजतो. हा अंगठा हेही एक उत्तर होते, आणि ते उत्तर देणारी बाई त्या घराची खरी कारभारीण होती. कर्जाचा हप्ता, बियाणे, नणंदेचे बाळंतपण, सासऱ्याचे औषध यांचा क्रम तीच लावी. वडीलधाऱ्यांच्या नावाने मनीऑर्डर येत असेल, तर तो क्रम तिला त्यांच्याकडून वदवून घ्यावा लागे.

ठरलेल्या तारखेला येणाऱ्या या पैशाचे मोल सर्वांना सारखे नव्हते. ज्याच्या घरी जमीन होती त्याला पलटणीचा पगार ही शेतीची जोड होती. महार समाजाची स्थिती वेगळी होती. गावात त्यांचे उत्पन्न वतनातून आणि बलुत्यातून येई. ते धान्यात मिळे, गावाच्या खुशीने मिळे, आणि त्याबरोबर अपमानही पदरी येई. मुंबई सैन्यातील नोकरीने या समाजातील काही घरांना प्रथमच रोख, नियमित आणि गावाच्या मेहेरबानीवाचूनचे उत्पन्न दिले. निवृत्तीनंतर पेन्शन मिळे. शिपायांच्या मुलामुलींसाठी पलटणीत शाळा असत. दापोलीसारख्या जुन्या लष्करी ठिकाणी पेन्शनरांची वस्ती झाली ती याच आधारावर. १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांचे लेखन या वस्तीच्या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. १८८८ मधील ‘विटाळ विध्वंसन’ लिहिण्याचे धैर्य त्यांचे स्वतःचे. परंतु ज्याची भाकर गावाच्या हाती नाही असा माणूसच गावाला असे प्रश्न विचारू शकतो, हेही तितकेच खरे.

म्हणून १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, लढवय्या जातींच्या सिद्धान्ताला अनुसरून महारांची भरती बंद झाली, तेव्हा नेमके काय हिरावले गेले हे नीट पाहायला हवे. या प्रसंगाची चर्चा बहुधा मानसन्मानाच्या अंगाने होते, आणि ती योग्यच आहे. वलंगकरांचा १८९४ चा अर्ज, पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे केलेला अर्ज, यांत परंपरेचा, निष्ठेचा आणि पराक्रमाचा दाखला दिलेला आहे. परंतु त्या अर्जांच्या तळाशी एका समाजाचे अंदाजपत्रकही आहे. बापाची पेन्शन त्याच्याबरोबर संपणार आणि मुलाला पगार नाही. म्हणजे एका पिढीने साठवलेले दुसऱ्या पिढीने खाऊन संपवायचे. आपल्या पहिल्या दलित गद्यातील ही निकड आर्थिकही आहे, हे आपण वर्गात क्वचित सांगतो.

या घरांपैकी एका घराचा हिशेब सुदैवाने आपल्याला ठाऊक आहे. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त झाले तेव्हा त्यांची पेन्शन दरमहा सुमारे पन्नास रुपये होती. शिपायाच्या मानाने ही रक्कम चांगली, पण कुटुंब मोठे होते. पुढे मुंबईत परळच्या चाळीत राहत असताना दोन मुलांचे शिक्षण झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांचे थांबले आणि धाकट्या भीमरावाचे चालू राहिले. धनंजय कीर यांनी डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात नोंदवले आहे की, मुलाला पुस्तक हवे असले आणि हाती पैसा नसला की रामजी आपल्या विवाहित मुलीकडे उसने मागायला जात. तेथे जमले नाही तर मुलीचा दागिना घेऊन तो सावकाराकडे गहाण ठेवत, आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. यातला शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. दागिना सोडवता येत होता, कारण पेन्शनला तारीख होती. ‘काटकसर’ या शब्दाने या व्यवहाराचे पुरेसे वर्णन होत नाही. एका लेकीचा दागिना महिना-पंधरा दिवस दुसऱ्याच्या पेटीत राहिला आणि त्या मोबदल्यात घरात एक पुस्तक आले. असे वारंवार झाले.

याच घराचा दुसरा एक प्रसंग डॉ. आंबेडकरांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. १९०१ मध्ये वडील गोरेगाव येथे खजिनदार असताना त्यांनी मुलांना भाड्याचे पैसे पाठवून बोलावून घेतले. मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून मसूर स्टेशनात उतरली. पैसे होते, शिदोरी होती. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याचे कबूल करून गाडी मिळाली. पाणी मात्र कोणी दिले नाही. शिपायाच्या घराने एका पिढीत जे काही साठवले होते, त्याची मर्यादा या प्रवासात उघडी पडते. त्या पैशाने शाळा मिळू शकत होती. रस्त्यावरचा पाण्याचा घोट मिळत नव्हता.

पहिल्या महायुद्धाने या गणितावर पुन्हा ताण आणला. मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ या मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूट पडले आणि मागे राहिलेली माणसे कैदेत गेली. परदेशी असलेल्या शिपायाला पगाराचा ठराविक भाग परस्पर घरी लावून देता येई; पण देशात धान्य आणि कापड यांचे भाव चढत होते, आणि लावून दिलेला आकडा तोच राहत होता. त्यात १९१८ मध्ये पाऊस गेला आणि इन्फ्लुएन्झाची साथ आली. सरकारला माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली; गरज सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहायला १९४१ साल उजाडले. ज्यांच्या घरी त्या चार वर्षांत मनीऑर्डर सुरू झाली होती, त्यांच्या दारात ती पुन्हा यायची थांबली.

लष्करी इतिहासात पलटण मोडल्याची तारीख नोंदलेली सापडते. ती बातमी एखाद्या घरात कशी पोहोचली, त्या महिन्यात कोणता खर्च रद्द झाला, कोणत्या मुलाची शाळा सुटली, याची नोंद कोठेही नाही. ही पोकळी भरून काढणे आता अवघड आहे. पण अर्ज, आत्मचरित्रे, चरित्रे वाचताना आकडे आले की आपण ते ओलांडून पुढे जातो, ती सवय तरी आपल्याला सोडता येईल. पन्नास रुपये, दुप्पट भाडे, गहाण पडलेला दागिना हे तपशील त्या गद्याचा आशयच आहेत. ज्यांनी तो हिशेब रोज केला, त्यांच्यापैकी बहुतेकींनी आपल्यासाठी मागे ठेवला तो एका पावतीवरचा अंगठा, आणि तोही आपण जपून ठेवलेला नाही.