जागल्याची रात्र : सातारा-सांगलीच्या कथात्म नायकाची निद्रा

कथात्म साहित्यातील नायक काय बोलतो, कोणावर प्रेम करतो, कोणाशी लढतो याची चर्चा आपल्याकडे विपुल झाली आहे. तो झोपतो केव्हा, हा प्रश्न मात्र समीक्षेने क्वचितच विचारला. प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. परंतु ज्या नायकाला दिवसाचा संसार आणि रात्रीचे साहस अशी दोन आयुष्ये एकाच देहाने जगावी लागतात, त्याच्या बाबतीत निद्रा ही केवळ शरीराची गरज राहत नाही. ती त्या कथेची अर्थव्यवस्था ठरते. जागरणाचा खर्च कोठून भागवला जातो आणि त्याचा बोजा कोणाच्या अंगावर पडतो, हे पाहिले की त्या कथेचा वर्ग, तिची नीती आणि तिचे वास्तवाशी असलेले नाते, या तिन्ही गोष्टी उघड होतात. प्रस्तुत लेखात हा प्रश्न सातारा-सांगलीच्या परिसरातील कथनपरंपरेला, विशेषतः अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीला विचारून पाहावयाचा आहे.

१

भारतीय परंपरेने या प्रश्नाची दोन उत्तरे फार पूर्वी देऊन ठेवली आहेत. पहिले अर्जुनाचे. त्याला ‘गुडाकेश’ म्हणजे निद्रेला जिंकणारा म्हटले आहे. येथे निद्रा हा शत्रू आहे आणि तिच्यावरील विजय हे वीरत्वाचे लक्षण आहे. गंमत अशी, की याच अर्जुनाला गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिनिद्रा व अतिजागरण हे दोन्ही योगाला बाधक असल्याचा उपदेश ऐकावा लागतो. दुसरे उत्तर लक्ष्मणाचे. वनवासाची चौदा वर्षे तो झोपला नाही, असे लोकपरंपरा सांगते. पण तेलुगू स्त्रीगीतांनी या कथेला एक मार्मिक पुरवणी जोडली आहे. लक्ष्मणाच्या वाट्याची झोप अयोध्येत ऊर्मिलेने घेतली. या पुरवणीत लोकमनाचा रोखठोक हिशेब आहे. झोप नाहीशी होत नसते, ती कोणाच्या तरी नावावर चढते, हे त्या गीतकर्त्या स्त्रियांना महाकाव्यकारापेक्षा अधिक चांगले कळले होते.

युरोपीय कादंबरीच्या उगमापाशी तिसरे उत्तर सापडते. सर्व्हान्तेसचा डॉन किहोते (१६०५) रात्र-रात्र वीरकथा वाचतो, आणि थोडी झोप व अति वाचन यांनी त्याचा मेंदू सुकून जातो. येथे प्रथमच जागरणाला परिणाम आहे. वीरकथेतील नायक जागा राहतो आणि पराक्रम करतो. कादंबरीतील नायक जागा राहतो आणि त्याची किंमत मोजतो. वीरकथा आणि कादंबरी यांच्यातील भेद याहून थोडक्यात सांगणे कठीण आहे.

२

विसाव्या शतकातील लोकप्रिय साहित्याने हा भेद पुन्हा पुसून टाकला. दिवसा निरुपद्रवी श्रीमंत गृहस्थ आणि रात्री मुखवट्याआडचा न्यायदाता, हा साचा झोरो (१९१९) आणि बॅटमन (१९३९) यांनी जगभर रुजवला. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) इंग्रजी रहस्यकथांच्या छायेत, पण अस्सल मराठी वाचकाची नाडी ओळखून, झुंजार आणि काळा पहाड हे नायक घडवले. हजाराहून अधिक रहस्यकथांच्या या प्रचंड पसाऱ्याने कित्येक मराठी वाचकांच्या झोपा उडवल्या. पण नायकाची झोप हा त्या पसाऱ्यात प्रश्न होऊ शकला नाही. याचे कारण उघड आहे. या नायकांचा दिवस हा श्रमाचा दिवस नाही. सकाळच्या भोंग्याला त्याला हजर व्हायचे नसते. कुळवाचा दोर किंवा मागाचा धोटा त्याची वाट पाहत नसतो. त्याचा दिवस म्हणजे प्रतिष्ठेचा वेष, आणि वेषाला विश्रांती लागत नाही. १९६२मध्ये स्पायडरमॅनच्या रूपाने अभ्यास, घरातील तंगी आणि रात्रीची कामगिरी यांच्यात ओढला जाणारा विद्यार्थी अमेरिकन चित्रकथेत आला, तेव्हा त्या साच्याला आपल्या उणिवेची जाणीव झाली असे म्हणता येईल.

साताऱ्याच्या मातीतील नायकाला मुखवट्याची ही सोय उपलब्ध नाही. गावात प्रत्येकजण प्रत्येकाला चालीवरून ओळखतो. शिवाय त्याच्या रात्रीवर कोणाचा तरी हक्क आधीपासून नोंदलेला असतो. येथेच या परिसराचा इतिहास कथेत शिरतो.

३

ज्याला गावाची राखण करायची त्याला मराठीने ‘जागल्या’ म्हटले. भाषेने येथे पदाला कर्तव्याचे नव्हे, जागरणाचेच नाव दिले आहे. गावगाड्यात हे काम रामोशी व मांग या जातींकडे होते. रात्री गस्त घालणे, चोरी झाल्यास माग काढत शिवेपर्यंत जाणे आणि माग न लागल्यास जबाबदारी पत्करणे, हा त्या कामाचा भाग. मोबदला बलुत्याच्या रूपाने मिळे, तो अपुरा. म्हणून दिवसा मजुरी, दोर वळणे, मिळेल ते काम. म्हणजे दिवसाचे श्रम आणि रात्रीचे जागरण ही दुहेरी रचना या समाजांवर साहसाने नव्हे, व्यवस्थेने लादली होती. उमाजी नाईक १८३२मध्ये पुण्यात फासावर गेला. त्याच्या बंडाच्या मुळाशीही राखणीचे हक्क व वतने गेल्याचा असंतोष होता. राखणदार आणि बंडखोर यांचे कौशल्य एकच होते, अंधाराची ओळख.

वसाहतीच्या सत्तेने या ओळखीलाच गुन्हा ठरवले. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची व्याप्ती १९११च्या कायद्याने वाढली आणि हजेरीची पद्धत मुंबई इलाख्यातही आली. ज्याने काल गावासाठी जागायचे, त्याने आज आपण गावातच आहोत हे सिद्ध करण्यासाठी उठून हजर व्हायचे. १९५२मध्ये हा कायदा रद्द होईपर्यंत, नोंदल्या गेलेल्या जमातींच्या माणसाची रात्र ही त्याची खासगी मालमत्ता नव्हती. ती सरकारी दप्तरात जमा होती.

‘फकिरा’ या पार्श्वभूमीवर वाचावयास हवी. या कादंबरीवर अद्भुतरम्यतेचा, नाट्यपूर्ण अतिशयोक्तीचा आक्षेप अनेकदा घेतला गेला आहे. नायक थकत नाही, घोडा थांबत नाही, रात्र संपत नाही, अशा तक्रारी करणे सोपे आहे. परंतु कादंबरीतील रात्रींची रचना पाहिली तर निराळे चित्र दिसते. प्रारंभीची रात्र राणोजीची आहे. तो शिगावची जोगणी आपल्या गावासाठी आणतो आणि बापू खोताकडून मारला जातो. हे साहस गावाच्या मानासाठी, गावाच्या संकेतांच्या चौकटीत झालेले आहे. तेथे मांगाची रात्र गावाच्या कामी येते. मधल्या रात्री दुष्काळाच्या आहेत. फकिरा धान्य लुटतो, खजिना लुटतो, ते उपाशी वाड्यासाठी. आणि या दोहोंच्या बरोबरीने हजेरीची रात्र आहे, जी सत्ता त्याच्यापासून हिरावून घेते. गावाने मागितलेली, भुकेने मागितलेली आणि सरकारने मागितलेली अशा या तीन रात्री होत. झोपेसाठी त्यांत जागाच उरत नाही. फकिराचे जागरण अर्जुनासारखा निद्राजय नाही; ते जागल्याच्या वारशाचे उलट फिरलेले रूप आहे. ज्या कौशल्यावर गाव निर्धास्त झोपत होते, तेच कौशल्य तो आपल्या माणसांच्या पोटासाठी वापरतो. अद्भुतरम्यतेचा आक्षेप येथे अर्धवट ठरतो. अण्णा भाऊंची शैली अद्भुताकडे झुकते हे खरेच; पण त्या अद्भुताचा सांगाडा महसुली व पोलिसी वास्तवाचा आहे.

कादंबरीचा शेवटही याच दृष्टीने पाहता येतो. फकिरा रणात पडत नाही. आपल्या माणसांची सुटका व्हावी म्हणून स्वाधीन होतो. त्याने आपल्या माणसांना अखेरीस काय मिळवून दिले, तर छळाविना एक रात्र. वीरकथेने एवढ्या लहान मागणीसाठी नायक खर्ची घातला नसता.

४

तथापि ‘फकिरा’लाही ऊर्मिलेचा प्रश्न विचारावा लागतो. फरारी नायक एका अर्थाने दुहेरी आयुष्यातून सुटलेला असतो. त्याने दिवस सोडून दिलेला असतो, आणि डोंगरात, उसात, नदीकाठच्या घळीत तो दिवसा डोळा लावू शकतो. खरे दुहेरी आयुष्य मागे राहिलेल्या स्त्रीचे आहे. रात्री भाकरी पोचवायची, दारावरची थाप ओळखायची, पहाटे जात्यावर बसायचे आणि दिवस उगवताच दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जायचे. जात्यावरील ओवी हा आपल्या वाङ्मयाचा मोठा ठेवा मानला जातो. पण तो अपुऱ्या झोपेच्या वेळी निर्माण झालेला ठेवा आहे, ही गोष्ट आपण कौतुकाच्या भरात विसरतो. अण्णा भाऊंनी राधेसारख्या मातेला धैर्य आणि वाणी दिली, ही त्यांची थोरवी. मात्र तिच्या जागरणाला कथानकात कृतीचे मूल्य मिळत नाही.

हीच विषमता प्रतिसरकारच्या इतिहासकथनातही आढळते. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत, समांतर शासन उभे राहिले. कुंडलची तुफान सेना, गावोगावची न्यायदान मंडळे, ७ जून १९४३ची शेणोलीची रेल्वे लूट, १४ एप्रिल १९४४ची धुळे खजिन्याची लूट, या घटना आता पोवाड्यांच्या झाल्या आहेत. हौसाताई पाटलांसारख्या स्त्रिया तर प्रत्यक्ष कार्यातच होत्या. परंतु कोणतीही भूमिगत चळवळ लुटीच्या चार रात्रींवर चालत नाही. ती शेकडो घरांच्या हजारो रात्रींवर चालते. सकाळी मोटेवर जाणारा शेतकरी रात्री पहारा देतो, त्याची बायको अवेळी चूल पेटवते, आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांसमोर दोघांनाही झोप पुरती झाल्याचा चेहरा करावा लागतो. मुखवटा असेल तर तो हा. झोरोच्या काळ्या पट्टीपेक्षा तो घालणे अवघड आहे, आणि त्याची कादंबरी मराठीत अद्याप पुरेशा ताकदीने लिहिली गेलेली नाही.

५

या विवेचनातून एक निकष हाती येतो. रात्रीच्या नायकाची कथा वाचताना त्याचा दुसरा दिवस कसा उजाडतो, हे पाहावे. तो उजाडतच नसेल तर ती रंजनकथा होय. तो नायकाच्या अंगावर उजाडत असेल तर ती कादंबरीच्या वाटेवर आहे. आणि तो इतरांच्याही अंगावर उजाडत असेल, तर त्या कथेला आपल्या समाजाची जाण आहे असे समजावे. या निकषावर ‘फकिरा’ रंजनकथेच्या पलीकडे निश्चित जाते. तिसऱ्या पायरीवर ती पाऊल टाकते, पण तेथे थांबत नाही.

देशीयतेची चर्चा करताना आपण बोली, लोकतत्त्वे आणि मिथके यांचा शोध घेतो. त्याबरोबरच कोणाच्या जागरणावर कोणाची झोप उभी होती, याचाही शोध घेतला पाहिजे. गावाने ज्याला ‘जागल्या’ हे नाव दिले, त्याला झोपेचा हक्क मात्र दिला नाही. तो हक्क कथेत तरी मागितला गेला, हे वाटेगावच्या या कादंबरीकाराचे ऋण आहे.